टास्कबार कुठे असावा, हे कोणी ठरवायचे?

विंडोज १० चा सुरक्षा-पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा सगळीकडे दोनच प्रश्नांची चर्चा होती: जुना संगणक विंडोज ११ वर जाईल का, आणि नाही गेला तर नवा घ्यावा लागेल का? प्रश्न रास्त होते आणि त्यांवर पुरेसे लिहून झाले आहे. ११ वर गेलेल्यांना पहिल्याच दिवशी खटकलेल्या गोष्टीवर मात्र फारसे कोणी लिहिले नाही. १९९५ सालच्या विंडोज ९५ पासून टास्कबार माउसने धरून स्क्रीनच्या डाव्या, उजव्या किंवा वरच्या कडेला नेता येत असे. ऑक्टोबर २०२१ मध्ये ११ बाजारात आले ते ही सोय काढूनच. उघड्या विंडोंची नावे पट्टीवर सुटी सुटी दिसण्याची सोयही तेव्हा गेली होती. ती २०२३ मध्ये परत द्यावी लागली. असल्या बदलांना ‘दिसण्यापुरते’ म्हणून बाजूला सारण्याची आपल्याला सवय आहे, आणि ती सोडायला हवी. दिवसाचे आठ तास ज्या स्क्रीनसमोर जातात ती आपल्या सोयीने मांडता येणे हा काम करणाऱ्याचा हक्क आहे. गेल्या काही वर्षांत तो हळूहळू काढून घेतला जात आहे.

साधा हिशेब करून पाहू. स्वस्तातल्या आणि जुन्या लॅपटॉपवर १३६६ बाय ७६८ पिक्सेलची स्क्रीन असते. विंडोज ११ चा टास्कबार नेहमीच्या सेटिंगवर ४८ पिक्सेल उंच आहे. ७६८ मधले ४८ म्हणजे उंचीचा सोळावा हिस्सा काम सुरू होण्याआधीच गेला. त्यात ब्राउझरचे टॅब आणि पत्त्याची पट्टी किंवा वर्डमधली बटणांची रिबन धरली, की मजकुरासाठी आडवी फट तेवढी उरते. आपण वाचतो-लिहितो ते अर्ज, उतारे, बिले आणि पुस्तकाची पाने तर उभी असतात. तीच ४८ पिक्सेलची पट्टी डाव्या कडेला उभी केली, तर १३६६ मधला अठ्ठाविसावा हिस्साही जात नाही. आणि जो जातो तो अशा ठिकाणचा, जिथे जागा नाहीतरी मोकळीच पडलेली असते. मोठ्या मॉनिटरवर हे गणित बदलेल, तिथे एखाद्याला खालची पट्टीच बरी वाटेल. स्क्रीन कोणती आणि काम कोणते यावर उत्तर ठरते, आणि ते फक्त समोर बसलेल्या माणसाला माहीत असते.

रंगांचेही तसेच. डार्क मोड डोळ्यांना चांगला, असे आता सगळेच धरून चालतात. जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या विद्यापीठात आक्सेल बुख्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले प्रयोग वेगळे सांगतात: नजर ठीक असलेल्या माणसांना, तरुण असोत की वयस्क, पांढऱ्यावरचे काळेच अधिक नीट वाचता येते. पण अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या गॉर्डन लेग यांच्या गटाने १९८५ मध्येच दाखवले होते, की मोतीबिंदूसारख्या कारणाने ज्यांच्या डोळ्यातला पारदर्शक भाग गढूळ झाला आहे, ते काळ्यावरचे पांढरे जास्त वेगाने वाचतात. उजळ पार्श्वभूमीचा प्रकाश त्यांच्या डोळ्यात विखुरतो. म्हणजे एकाच घरातल्या एकाच संगणकावर नातीला एक रंगसंगती योग्य आणि मोतीबिंदू झालेल्या आजोबांना नेमकी उलटी. देवनागरी वाचणाऱ्याची अडचण आणखी वेगळी. आपल्या अक्षराच्या डोक्यावर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि पायाशी उकार. रोमन लिपीच्या मापाने आखलेल्या उंचीत ते सगळे दाटीवाटीने बसते. विंडोज २००० बरोबर आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट मुंबईचे सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला, हे आपले भाग्य. पण शीर्षकपट्टी, मेनू, आयकॉनखालचे नाव या प्रत्येकाचा फॉन्ट, आकार आणि रंग वेगवेगळा निवडण्याची जी चौकट विंडोज ७ पर्यंत होती, ती ८ मध्ये आक्रसली आणि पुढे गेलीच. सगळा मजकूर एकदम मोठा करण्याची सोय २०१८ मध्ये आली, फॉन्ट निवडण्याची मुभा आली नाही. मेनूत मराठी वळणाचा ल आणि श हवा असेल, तर आजच्या सेटिंगमध्ये त्याला जागा नाही.

हे सगळे मान्य करूनही कंपन्या म्हणतात, की सेटिंग बदलणारे लोक मुळात थोडे. या दाव्याची खरी उलटतपासणी वेंडी मॅके यांच्या संशोधनात सापडते, आणि ते पस्तीस वर्षे जुने असूनही आज प्रत्येक डिझायनरने वाचावे असे आहे. मॅके सध्या फ्रान्समध्ये इन्रिया या संस्थेत काम करतात. तेव्हा त्या एमआयटीत होत्या आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधासाठी त्यांनी तिथल्या ५१ जणांच्या सेटिंग बदलण्याच्या सवयी तपासल्या. लोक हौसेने रोज काहीतरी बदलत बसतात, हा समज त्यात टिकला नाही. वेळ नसणे हा सर्वांत मोठा अडथळा होता. लोक सेटिंगला हात घालत तो काही ठरावीक प्रसंगी: कामाचे स्वरूप बदलले, सहकाऱ्याकडे काही चांगले दिसले, किंवा सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती येऊन जुनी घडी विस्कटली. यातला शेवटचा प्रसंग सर्वांत बोलका आहे. नवी आवृत्ती आली, की लोक सेटिंग बदलून तिला जुन्यासारखी वागायला लावत. म्हणजे बदलण्याची मुभा लोकांना हवी असते ती पुष्कळदा आपली घडी न बदलण्यासाठी. स्वयंपाकघरात हळदीच्या डब्याकडे हात न पाहता जातो, कारण तो डबा वर्षानुवर्षे त्याच जागी असतो. स्क्रीनवरच्या बटणांचेही हेच आहे. मॅके यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. थोडे जाणकार स्वतःची मांडणी बसवतात आणि बाकीचे ती त्यांच्याकडून उचलतात. प्रत्येक ऑफिसात असा एक माणूस असतो. तेव्हा सेटिंग बदलणाऱ्यांची डोकी मोजून तिची किंमत ठरवणे म्हणजे, हत्यार कितीजणांच्या कामी येते हे न बघता फक्त ते कोणाच्या हातात आहे तेवढे मोजणे.

पुढच्या इतिहासाने मॅके यांना दुजोराच दिला आहे. २०१२ मध्ये विंडोज ८ ने स्टार्ट बटण काढले, तेव्हा लोकांनी क्लासिक शेल आणि स्टार्ट८ उतरवून घेतले; दोन्हींचे काम जुना स्टार्ट मेनू परत आणणे. वर्षभरात, ८.१ मध्ये, मायक्रोसॉफ्टला बटण परत द्यावे लागले. ११ आल्यावर चालली ती स्टार्टऑलबॅक आणि एक्स्प्लोररपॅचर ही जुनी पट्टी परत देणारी साधने. लिनक्सच्या जगात २०११ मध्ये ग्नोम ३ या डेस्कटॉपने जुनी मांडणी मोडली, तेव्हा तीच जपण्यासाठी माटे हा स्वतंत्र प्रकल्प उभा राहिला. या प्रत्येक वेळी माणसांनी वेळ आणि मेहनत घातली ती आपल्या हाताची सवय वाचवण्यासाठी.

विरुद्ध बाजूचा युक्तिवाद कच्चा नाही. टास्कबार हलवता का येत नाही, या प्रश्नावर मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये सांगितले होते, की पट्टी कडेला नेली तर सर्व ॲपची मांडणी नव्याने बसवावी लागते आणि मागणी करणारे तुलनेने थोडे आहेत. याचे तात्त्विक रूप हॅवक पेनिंग्टन यांनी २००२ मध्येच मांडले होते. ग्नोमच्या उभारणीत मोलाचा वाटा असलेल्या या प्रोग्रामरचे म्हणणे, की प्रत्येक सेटिंगची किंमत मोजावी लागते: ती तपासावी लागते, दुसऱ्या सेटिंगशी भांडते, आणि सेटिंगची यादी इतकी लांबते, की कामाचे बटण सापडत नाही. हे खरे आहे. पण पेनिंग्टन यांचे बोट सेटिंग नीट पारखून ठेवण्याकडे होते. जी मुभा सव्वीस वर्षे होती, तपासलेली होती आणि लोकांच्या हातात बसलेली होती, तिला हे तत्त्व लावून बाद करता येत नाही. दुसरा आक्षेप सुरक्षेचा. मार्च २०२४ मध्ये केडीई या लिनक्स डेस्कटॉपसाठी कोणीतरी बनवलेली एक थीम बसवताच एका वापरकर्त्याच्या फायली पुसल्या गेल्या. धोका खरा आहे, पण त्याचे कारण त्या थीममध्ये रंगांबरोबर चालणारा कोडही होता. रंग, फॉन्ट आणि जागा या नुसत्या नोंदी आहेत. त्यांना कोड चालवू देण्याची गरज नाही. ही भिंत उभारणे प्रोग्रामरचे काम आहे, आणि ते झाले नाही म्हणून वापरणाऱ्याची मुभा काढणे अन्याय आहे.

शिवाय या मुभेचे मोल कंपन्या चांगले ओळखून आहेत. २००९ मध्ये स्वस्त नेटबुकवर विंडोज ७ ची स्टार्टर आवृत्ती येई; तिच्यात वॉलपेपरसुद्धा बदलता येत नसे, त्यासाठी महागडी आवृत्ती घ्यावी लागे. आजही सक्रिय न केलेल्या विंडोजमध्ये पहिल्याच फटक्यात बंद होतात ती पर्सनलायझेशनची सेटिंग. ज्या गोष्टीला किंमत नसते ती अशी अडवून धरत नाहीत. तीच जागा कंपनी स्वतःसाठी मात्र मोकळी ठेवते: एप्रिल २०२४ च्या अपडेटमध्ये स्टार्ट मेनूच्या शिफारशींत स्टोअरमधल्या ॲपची जाहिरात आली.

दबाव आणला तर फरक पडतो. ॲपलने सप्टेंबर २०२५ मध्ये आणलेल्या ‘लिक्विड ग्लास’च्या पारदर्शक रूपात अक्षरे नीट वाचता येत नाहीत अशी ओरड झाली आणि नंतरच्या एका अपडेटमध्ये तो पारदर्शकपणा कमी करण्याचा पर्याय आला. कायद्याचा आधारही उभा राहतो आहे. युरोपच्या ईएन ३०१ ५४९ या मानकात, वापरणाऱ्याने निवडलेले रंग, फॉन्ट आणि अक्षराचा आकार सॉफ्टवेअरने पाळावा अशी स्पष्ट अट आहे. भारताचे आयएस १७८०२ हे सुलभतेचे मानकही त्याच धर्तीवर आहे. शाळा, ग्रामपंचायती आणि सरकारी कार्यालये हजारोंनी संगणक खरेदी करतात. त्यांच्या निविदेत चार अटी असाव्यात: पट्टीची जागा, रंग, फॉन्ट व त्याचा आकार वापरणाऱ्याला ठरवता यावा, आणि नवी आवृत्ती आली तरी त्याने केलेली मांडणी तशीच राहावी. रॅम आणि हार्डडिस्कचे आकडे ज्या कागदावर लिहिले जातात, त्याच कागदावर या चार ओळी बसतात.