उलटलेली होडी सरळ करताना

सागरी कयाक म्हणजे वरून झाकलेली, जेमतेम एका माणसाला सामावून घेणारी आणि दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याने चालवायची अरुंद होडी. या छंदाकडे वळणाऱ्याचे लक्ष प्रथम साहित्याकडे जाते. कार्बन तंतूंचे हलके वल्हे हाती आले की समुद्र निम्मा जिंकला, असे त्याला वाटू लागते.

ज्यांनी ही होडी घडविली, त्या ग्रीनलंडच्या इनुइट शिकाऱ्यांकडे असे काही नव्हते. किनाऱ्याला वाहत आलेल्या लाकडाचा सांगाडा आणि त्यावर ताणून शिवलेले सीलचे कातडे, एवढीच त्यांची सामग्री. होडी मात्र चालविणाऱ्याच्या शरीराच्या मापाने बांधलेली असे. अंगातला कातडी सदरा होडीच्या तोंडाशी घट्ट बांधला जाई, त्यामुळे पाणी आत शिरत नसे. होडी उलटली तरी शिकारी बाहेर पडत नसे. वल्ह्याच्या आधाराने तो ती पुन्हा सरळ करी. वल्हे निसटल्यास भाला फेकण्याच्या पट्टीने आणि तीही गेल्यास नुसत्या हाताने!

या कृतीचे मर्म दंडात नाही, कमरेत आहे. पाण्याखाली गेलेला नवशिका श्वासासाठी आधी डोके वर काढू पाहतो आणि डोक्याच्या भाराने होडी पुन्हा पालथी होते. कंबर व मांडीच्या झटक्याने प्रथम होडी फिरवायची आणि डोके सर्वांत शेवटी पाण्याबाहेर आणायचे, हे उपजत प्रेरणेच्या नेमके उलट आहे. महागड्या वल्ह्याने ही सवय मोडत नाही. ती आवर्ती ठेवीप्रमाणे थोड्या थोड्या सरावानेच मोडते.

म्हणून साहित्य गौण ठरते काय? तसेही नाही. ब्रिटिश संशोधक जीनो वॉटकिन्स यांनी १९३०-३१ च्या मोहिमेत पूर्व ग्रीनलंडच्या रहिवाशांकडून ही विद्या आत्मसात केली होती. ऑगस्ट १९३२ मध्ये ते सीलच्या शिकारीसाठी एकटेच कयाक घेऊन गेले. रिकामी कयाक तरंगताना सापडली. वॉटकिन्स सापडले नाहीत. ते अवघे पंचवीस वर्षांचे होते. नेमके काय घडले, हे कधीच कळले नाही.

अतिथंड पाण्यात पडताच पहिले मिनिटभर श्वास आवरत नाही आणि पुढील दहाएक मिनिटांत हातापायांतील बळ ओसरू लागते. बोटे वल्हे धरीनाशी झाली की कौशल्य असूनही उपयोगी पडत नाही. तेथे कामी येतो तो पाणी आत न येऊ देणारा कोरडा पोशाख. तो हवेचे नव्हे, पाण्याचे तापमान पाहून निवडावा लागतो. उन्हाळ्यातील लख्ख दिवशी नेमकी हीच चूक होते. तरंगण्यासाठीचे जाकीटही अंगात असावे लागते, होडीवर बांधलेले नव्हे. कयाकच्या दोन्ही टोकांचे हवाबंद कप्पे असेच महत्त्वाचे. ते नसतील तर पाण्याने भरलेली होडी सरळ करूनही पुढे नेता येत नाही.

वल्ह्याच्या पात्यावर चढवायची हवेची पिशवी अनेकांच्या सामानात असते. तिच्या आधाराने पाण्यातून पुन्हा होडीत चढता येते. पण ती फुगवून चढण्याचा सराव बहुधा निवांत पाण्यात, एकदाच केलेला असतो. होडी मात्र उलटते ती वाऱ्यात आणि लाटांत.