वात, म्हातारचळ आणि मुग्धभ्रांती

वृद्धांमध्ये सांधेरोपणानंतर उद्भवणारी मुग्धभ्रांती हा वैद्यकाइतकाच शब्दार्थाचाही विषय आहे. गुडघ्याची वा खुब्याची शस्त्रक्रिया निर्वेध पार पडते. पण पुढच्या दोन-तीन दिवसांत, विशेषतः रात्री, रुग्ण स्थळकाळ विसरतो, नसलेली माणसे पाहतो, नळ्या उपसू लागतो. सकाळी तोच पुन्हा सुसंगत बोलतो. अकस्मात आरंभ, चढउतार आणि अवधानाचा भंग ही या अवस्थेची प्रमुख लक्षणे होत.

मराठीत अशा वेळी दोन शब्द सहज ओठांवर येतात. 'वात झाला' हा प्रयोग ज्वरातील बरळण्याला उद्देशून रूढ आहे. ही अवस्था आजारासोबत ओसरेल, असे त्यात गृहीत असते. 'म्हातारचळ' हा शब्द मात्र सारा दोष वयाच्या माथी मारतो आणि उपायाचा विचारच थांबवतो. वस्तुतः येथे बहुधा शोधता येण्याजोगी कारणे असतात: जंतुसंसर्ग, शरीरातील पाण्याची वा क्षारांची कमतरता, लघवी तुंबणे, न शमलेली वेदना, झोपेच्या काही गोळ्या, एकाएकी सुटलेले मद्य. आधीचा स्मृतिभ्रंश, दृष्टिमांद्य आणि बहिरेपणा यांनी धोका वाढतो.

चरकसंहितेत सन्निपातज्वराच्या लक्षणांत प्रलापाबरोबर तंद्राही सांगितली आहे. हा भेद आजही मोलाचा आहे. बरळणाऱ्याकडे सर्वांचे लक्ष जाते. निपचित पडलेला रुग्ण मात्र 'शांत' समजला जातो आणि त्याची भ्रांती नजरेतून सुटते.

शॅरन इनूये व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या निदानपद्धतीत अवधानाच्या परीक्षेला मध्यवर्ती स्थान आहे. वार उलट क्रमाने म्हणावयास सांगणे ही अशी एक साधी कसोटी. परंतु दिल्लीच्या वा चेन्नईच्या रुग्णालयात मराठी वृद्धेला तेच परभाषेत विचारले, तर चूक अवधानाची की भाषेची, हे कसे ठरवावे? कसोटी मातृभाषेतच व्हावयास हवी.

इनूये यांच्याच १९९९ सालच्या अभ्यासात, शस्त्रक्रिया न झालेल्या ८५२ वृद्ध रुग्णांत, स्थळकाळाची आठवण देणे, चष्मा व श्रवणयंत्र जवळ ठेवणे, पुरेसे पाणी, लवकर हालचाल आणि रात्रीची झोप जपणे अशा उपायांनी भ्रांतीचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आले. शस्त्रक्रियेनंतरही हीच काळजी उपयुक्त मानली जाते. 'काल रात्रीपर्यंत आई अशी नव्हती' हे नातेवाइकाचे वाक्य म्हणूनच तक्रार नव्हे, निदानाचा पुरावा समजावे.