तेजीत आखली, मंदीत वसली

वरळीच्या बीडीडी चाळीत पाहुणा म्हणून पहिल्यांदा जाणारा माणूस मजल्यावर पोहोचला की क्षणभर अडखळतो. बाहेर लख्ख ऊन असतं, पण आत लांबलचक बोळ अंधारातच असतो. बोळाच्या दोन्ही अंगांना दारं, दारांशी चपला, पाण्याची पिंपं, आणि पलीकडच्या टोकाला उजेडाचा एक तुकडा. जुन्या लाकडी चाळीला बाहेरून सज्जा असतो. तिथे उभं राहिलं की रस्ता दिसतो, समोरची चाळ दिसते. बीडीडीचा सज्जा इमारतीच्या पोटात गेला आहे. एका मजल्यावर वीस खोल्या, तळमजला धरून चार मजले, म्हणजे एका चाळीत ऐंशी बिऱ्हाडं. खोली १६० चौरस फुटांची आणि शौचकूप सामाईक. एकच साचा, आणि त्यातून काढलेल्या २०७ इमारती: वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडला ३२ आणि शिवडीला १२.

‘बीडीडी’ म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. हे खातं काही वर्षांतच गुंडाळलं गेलं, पण त्याचं नाव मुंबईकरांच्या पत्त्यांवर शंभर वर्षं टिकलं. ज्या खात्याला शहराचा नकाशा बदलायचा होता, त्याची ओळख अखेर भाडेपावतीपुरती उरली.

त्याची गोष्ट पहिल्या महायुद्धापासून सुरू होते. युद्धात विलायती कापडाची आवक आटली आणि मुंबईच्या गिरण्यांना सोन्याचे दिवस आले. कोकण आणि घाटावरून माणसांचे लोंढे येत होते, खोल्या मात्र तेवढ्याच होत्या. भाडी इतकी भडकली की १९१८ मध्ये सरकारला भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. त्याच वर्षी इन्फ्लुएंझाची साथ आली आणि कोंदट वस्त्यांची काय किंमत मोजावी लागते, ते शहराला पुन्हा कळलं. पुन्हा म्हणायचं कारण, १८९६ च्या प्लेगने तो धडा आधी एकदा दिलाच होता. त्यातूनच १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला होता. पण ट्रस्टने जेवढी घरं बांधली, त्याहून अधिक माणसं शहरात येत राहिली. १९२१ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या पावणेबारा लाख भरली. त्या वर्षी नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे साडेसहाशेहून अधिक तान्ही मुलं दगावली. अनेक बाया बाळंतपणाला गावी जात आणि त्या मुलांच्या जन्माची नोंद इथे होत नसे, त्यामुळे हा आकडा फुगलेला आहे. ही सूट दिली, तरी तो वाचवत नाही.

अशा वेळी गव्हर्नरच्या खुर्चीत होते सर जॉर्ज लॉइड. माणूस धडाडीचा आणि हिशोब मोठाले. १९२० मध्ये त्यांनी हे नवं खातं उभं केलं आणि त्याच्यापुढे दोन प्रचंड कामं ठेवली. एक म्हणजे बॅकबेचा समुद्र हटवून जमीन काढणं आणि दुसरं म्हणजे कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधणं. पैसा कर्जरोख्यांतून उभा राहिला आणि घरांसाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर बसला. कापसावर पोसलेल्या शहराने कापूस पिंजणाऱ्याच्या घराचा खर्च उचलावा, हा विचार कागदावर तरी न्याय्य होता.

सरकारने घरं बांधावीत, असं एकट्या मुंबईलाच वाटत होतं असं नाही. लढाईनंतर जगभर सरकारं घरबांधणीत उतरली होती. इंग्लंडमध्ये १९१९ च्या कायद्याने नगरपालिकांना घरं बांधायला लावलं. व्हिएन्नाच्या समाजवादी नगरपालिकेने १९२३ पासून दहा-अकरा वर्षांत साठ हजारांवर घरं उभी केली, तीही खास कर बसवूनच. पण व्हिएन्नाच्या छोट्यात छोट्या घरातही नळ आणि शौचकूप दाराच्या आत होते. इथे ते बोळात राहिले. कामगाराला घर द्यायचं यावर दोन्हीकडे एकमत होतं. घर म्हणजे काय, यावर मात्र नव्हतं.

चाळी आरसीसीच्या. मुंबईत त्या काळी हे तंत्र नवं होतं आणि इतक्या मोठ्या प्रमाणावर तर नवलाचंच. लाकूड नको म्हणजे वाळवी नको, आग नको, दुरुस्ती कमी. साचा एकदा ठरला की ओतत जायचं. चार-पाच वर्षांत सोळा हजारांवर खोल्या तयार झाल्या आणि काम तिथेच थांबलं. पन्नास हजारांपैकी जेमतेम एक तृतीयांश.

थांबायचं कारण गिरण्यांच्या भोंग्यातच होतं. १९२२ नंतर तेजी ओसरली. जपानी कापड बाजारात आलं, माल गोदामात साचू लागला. १९२५ मध्ये मालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली आणि दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर गेले. सरकारने कापडावरचा उत्पादन कर स्थगित केला तेव्हाच कपात मागे घेतली गेली. घरं आखली गेली तेव्हा गिरणीत माणूस मिळत नव्हता. ती राहण्याजोगी झाली तोवर गिरणीत काम मिळेनासं झालं होतं.

मग एक विचित्र दृश्य दिसू लागलं. परळ-लालबागला एका खोलीत दहा-दहा माणसं झोपत होती आणि वरळीच्या नव्याकोऱ्या चाळींना कुलपं होती. सरकारला कोडं पडलं. कामगाराला पडलं नव्हतं. वरळी तेव्हा आडबाजूला होती. गिरणी दूर, बाजार दूर, रस्ते अपुरे. त्याहून मोठी अडचण अशी होती की जुन्या वस्तीत वाणी उधारीवर तांदूळ देई, तो गिऱ्हाईक ओळखत असे म्हणून. नोकरी लावणारा मुकादम तिथेच राहत असे. आजारपणात पाणी द्यायला गाववाला तिथेच होता. संपाच्या दिवसांत तर ही ओळखच माणसाला जगवत होती. पगार बुडाला तरी चूल पेटायची, ती वाण्याच्या वहीवर. या वहीचा रकाना सरकारी अंदाजपत्रकात कुठेच नव्हता. त्यात बांधकामाचा खर्च भरून निघेल असं भाडं कामगाराला झेपत नव्हतं, आणि झेपेल असं भाडं लावलं की खातं तोट्यात जाई. बॅकबेचा खर्च तर असा काही वाढला की वकील खुर्शेद नरिमन यांनी त्याची लक्तरं वेशीवर टांगली आणि त्यावरून त्यांच्यावर झालेला बदनामीचा खटलाही ते जिंकले.

रिकाम्या चाळींचा एक उपयोग सरकारला १९३० मध्ये सापडला. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंग अपुरे पडले, तेव्हा वरळीच्या चाळींना कुंपण घालून त्यात सत्याग्रही कोंडले गेले. कामगारासाठी बांधलेली खोली कोठडी म्हणूनही चालली, यातच तिच्या आराखड्यावरचा अभिप्राय आला.

तरीही या चाळी वसल्या. ज्यांनी त्या बांधल्या त्यांच्यामुळे नव्हे, ज्यांना दुसरीकडे जागा नव्हती त्यांच्यामुळे. अस्पृश्यांना खासगी घरमालक दारात उभे करत नसत. सरकारी चाळीत निदान अर्ज तरी करता येई. गिरणीतही त्यांना विणाई खात्यात मज्जाव होता, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना तो विटाळ वाटे. १९२८ च्या मोठ्या संपात, जो एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला, डॉ. आंबेडकरांनी हाच प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठेवला. चांगल्या मजुरीचं खातं बंद आणि चांगल्या वस्तीतली खोली बंद, अशा माणसाला १६० चौरस फूट किती मोठे वाटत असतील, हे फूटपट्टीने मोजता येत नाही.

हळूहळू खोल्या भरल्या. कुटुंबं आली, तशी एकटी माणसंही आली. एका गावच्या गड्यांनी मिळून घेतलेल्या खोलीत प्रत्येकाची भिंतीशी एक ट्रंक, खुंटीवर एक सदरा आणि महिन्याला एक वाटा. जेवण शेजारच्या बाईच्या खानावळीत. दहा-पंधरा गडी जेवू घालून तिचा संसार चाले, आणि तिच्यासारख्यांच्या पोळ्यांवर एक अख्खी गिरणी चाले. महिनाअखेर गावी मनीऑर्डर. नांगर इथल्या पगारावर चालत होता, आणि संप लांबला की इथला गडी गावच्या भाकरीवर तग धरायचा. दोन्ही टोकांना एकेक पाय ठेवून उभ्या असलेल्या या माणसाला त्याच बोळाने तिसरं काही दिलं. रात्री तिथेच भजनी मंडळ बसलं, परीक्षेच्या दिवसांत तिथल्याच दिव्याखाली पोरं अभ्यास करू लागली, तिथेच पंगत मांडली गेली आणि मोर्चाची वार्ता दार न ठोठावता वीस खोल्यांत पोहोचली. आराखडा करणाऱ्याने जी जागा केवळ येण्या-जाण्यासाठी सोडली होती, तीच राहण्याची खरी जागा ठरली.

यावर गहिवरून जाण्याचा मोह होतो. चाळसंस्कृतीच्या नावाने उसासे टाकणारे बहुतेक लोक चाळ सोडून गेलेले असतात. बोळातला जिव्हाळा खरा होता, तशी पहाटेची शौचकूपाची रांगही खरी होती. आजारी म्हातारीला त्या रांगेत कोण उभं करत होतं, तेही आठवावं. माणसं जवळ आली, कारण त्यांना लांब जायला जागाच नव्हती. त्या सक्तीतून त्यांनी जे घडवलं त्याचं श्रेय त्यांचं आहे, त्या खोलीचं नाही.

डिलाइल रोडला पुढे ना. म. जोशींचं नाव मिळालं. १९२० मध्ये आयटक ही कामगार संघटना उभी करणाऱ्यांपैकी ते एक होते, आणि १९२९ मध्ये नेमलेल्या शाही मजूर आयोगाचे सदस्यही. गिरण्या १९८२ च्या संपानंतर एकेक करून विझल्या आणि भोंगे थांबले. चाळी तेवढ्या उभ्या राहिल्या, काँक्रीट सुटलं, सळया उघड्या पडल्या तरीही. २०१७ मध्ये म्हाडाच्या पुनर्विकासाचं भूमिपूजन झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ बिऱ्हाडांना नव्या टॉवरमधल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. नवं घर ५०० चौरस फुटांचं आहे, आणि त्याचा नळ व शौचकूप दाराच्या आत आहेत. व्हिएन्नाच्या कामगाराला हे १९२३ नंतर मिळू लागलं होतं. वरळीच्या कामगाराच्या नातवंडा-पतवंडांपर्यंत पोहोचायला त्याला शंभर वर्षं लागली.