परसबागेतील उन्हाळी कामे (बुलढाणा जिल्हा)

घराच्या मागील किंवा बाजूच्या मोकळ्या जागेत कुटुंबाच्या गरजेपुरती भाजी, फळे व फुले लावतात, त्या जागेस परसबाग म्हणतात. एप्रिलच्या मध्यापासून पहिल्या दमदार पावसापर्यंत तिच्यात करावयाच्या कामांचा विचार येथे केला आहे. यूरोपातील बागकामाच्या पुस्तकांत ‘मध्य उन्हाळा’ म्हणजे जूनचा उत्तरार्ध होय. त्या वेळी तेथील बाग भर वाढीत असते आणि खुरपणी, छाटणी व तोडणी ही मुख्य कामे असतात. बुलढाणा जिल्ह्यात खरा मध्य उन्हाळा वैशाखात, म्हणजे स्थूलमानाने मे महिन्यात येतो व तेव्हा बाग वर्षातील सर्वांत क्षीण अवस्थेत असते. जूनच्या उत्तरार्धात येथे पावसाळा सुरू झालेला असतो. त्यामुळे शीत प्रदेशातील बागकामाची वेळापत्रके जशीच्या तशी येथे उपयोगी पडत नाहीत. येथील उन्हाळी कामांचे स्वरूप दुहेरी आहे : हाती असलेल्या पाण्यावर निवडक झाडे पावसापर्यंत जगविणे आणि पहिला पाऊस वाया जाणार नाही अशी जमीन तयार ठेवणे.

अजिंठ्याच्या डोंगररांगांमुळे जिल्ह्याचे घाटावरील व घाटाखालील असे दोन भाग पडतात. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा हा भाग उंचावर आहे. मलकापूर, नांदुरा, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हा भाग पूर्णा नदीच्या खोऱ्यात मोडतो. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सु. ६५० मी. उंचीवर असल्याने तेथील दुपार खोऱ्यातील गावांपेक्षा काही अंशांनी सुसह्य असते. खोऱ्यात मे महिन्यात पारा ४४°–४५° से. पर्यंत चढतो. घाटावर उथळ, मुरमाड जमिनी पुष्कळ असून त्या लवकर सुकतात. घाटाखाली खोल काळी माती असून तिला मोठ्या भेगा पडतात. एकाच जिल्ह्यातील दोन परसबागांची निगा म्हणूनच निराळी ठेवावी लागते.

पाण्याचा हिशोब : जमिनीवरील १ मिमी. पाणी म्हणजे दर चौ. मी. क्षेत्रास १ लि. पाणी होय. मे महिन्यात वऱ्हाडात उघड्या भांड्यातील पाण्याचे बाष्पीभवन दिवसाला १० मिमी.हून अधिक होते. आच्छादन व सावली असलेल्या भाजीच्या वाफ्यास यापेक्षा कमी, साधारणतः ८ लि. पाणी दर चौ. मी.ला रोज लागते असे धरले, तर १० चौ. मी. वाफ्यास ८० लि. पाणी हवे. पाच माणसांच्या घरातून आंघोळीचे व भांड्यांचे १०० लि. सांडपाणी मिळते असे मानल्यास एवढ्यावर एक लहान वाफा जेमतेम निभतो. फळझाडांना काहीच उरत नाही. जेथे नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येते किंवा टँकरची वाट पाहावी लागते, तेथे हा हिशोब आणखी आखडतो. २०१८-१९ च्या दुष्काळासारख्या वर्षी तर पिण्याच्या पाण्यापुढे बागेचा प्रश्न गौणच ठरतो.

यामुळे उन्हाळ्यातील पहिले काम कुदळीचे नसून निवडीचे आहे. भाजीचा वाफा मेला तर एका हंगामाचे नुकसान होते. सात वर्षांचे लिंबाचे झाड मेले तर सात वर्षांचे. हे उघड असले, तरी प्रत्यक्षात डोळ्यांसमोर कोमेजणाऱ्या पालकास पाणी घातले जाते व कोपऱ्यातील झाड मुकाट्याने वाळत जाते. एप्रिलमध्येच झाडांचे तीन गट पाडणे हितावह असते. सीताफळ, बोर, आवळा, शेवगा ही झाडे मुळे खोल गेल्यावर जवळजवळ पाण्याविना उन्हाळा काढतात. सीताफळ तर पाने गाळून निजते व पावसाबरोबर पालवते. जुना पेरू, डाळिंब, गोडलिंब, मोगरा, जास्वंद यांस आठ-दहा दिवसांनी खोल पाणी दिल्यास ती तग धरतात. गेल्या पावसाळ्यात लावलेली एक-दोन वर्षांची रोपे, पपई व केळ यांना मात्र नियमित पाणी लागते. पाणी तोडावयाचेच झाल्यास प्रथम पालेभाजी, मग केळ व पपई आणि सर्वांत शेवटी कोवळी फळझाडे असा क्रम ठेवावा.

जुन्या लिंबाबाबत थोडी सवलत आहे. मृग बहार धरावयाचा असल्यास मे महिन्यात त्याचे पाणी तोडून झाडास ताण देतात. सु. एक चतुर्थांश पाने गळाली की ताण पुरा झाला असे समजतात आणि पावसाबरोबर झाड फुलावर येते. म्हणजे पाण्याची बचत व बहार ही दोन्ही साधतात. मात्र झाडावर आंबिया बहाराची फळे असल्यास ती गळतात. मुरमाड जमिनीत ताण लवकर बसतो. तेथे दोन-चार दिवसांचा विलंबही झाडास घातक ठरू शकतो. कोवळ्या झाडास ताण देऊ नये.

पाणी रोज शिंपडण्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने, सूर्यास्तानंतर व भरपूर द्यावे. शिंपडलेले पाणी वरच्या पाच-सात सेंमी. थरातच राहते, मुळे त्याच्या ओढीने वर येतात व पाणी चुकल्याच्या पहिल्याच दिवशी झाड मान टाकते. आळे खोडालगत न ठेवता फांद्यांच्या घेराखाली करावे, कारण पाणी शोषणारी बारीक मुळे तेथे असतात. बिनझिलईचे कच्च्या भाजणीचे मडके गळ्यापर्यंत पुरून त्यात पाणी भरून ठेवण्याची रीत फार जुनी असून इ. स. पू. पहिल्या शतकातील एका चिनी कृषिग्रंथात तिचे वर्णन आढळते. मडक्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी मुळांना लागेल तसे झिरपते व पृष्ठभाग कोरडाच राहिल्याने बाष्पीभवन कमी होते. पाच-सात लिटरांचे, तोंडावर झाकणी ठेवलेले एक मडके वेलभाजीच्या तीन-चार वेलांना पुरते. पाण्याची पातळी उतरेनाशी झाली की छिद्रे क्षारांनी बुजली असे समजून मडके बदलावे.

खारपाणपट्टा : पूर्णा खोऱ्यातील बऱ्याच गावांत विहिरींना पाणी आहे, पण ते खारे आहे. अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यास खारपाणपट्टा म्हणतात. येथील परसबागेत पाण्याच्या अभावापेक्षा चुकीच्या पाण्याने झाडे अधिक दगावतात आणि तेही उन्हाळ्यातच. कारण पाणी उडून जाते व क्षार मागे राहतात. लिटरला २ ग्रॅ. क्षार असलेल्या पाण्याची १५ लिटरांची एक बादली लिंबाच्या आळ्यात रोज ओतली, तर ६० दिवसांत जवळजवळ १·८ किग्रॅ. क्षार त्या आळ्यात साठतात. पानांच्या कडा करपू लागतात, ते उन्हाने झाले असे वाटून पाणी वाढविले जाते व झाड अधिकच लवकर जाते. आळ्याच्या कडेने पांढरी खपली दिसणे ही याची खूण होय.

या पाण्यातील सोडियमाचा परिणाम मातीवरही होतो. काळ्या मातीतील चिकणकण सोडियममुळे सुटे होतात, रंध्रे बुजतात व जमीन पाणी पिईनाशी होते. पहिला पाऊस अशा आळ्यात तुंबून राहतो आणि उन्हाळ्यात वाचलेले झाड पावसाळ्यात मूळकुजीने मरते. यावर उपाय दोन अंगांनी करतात. एकतर गोडे पाणी, मग ते नळाचे असो वा टाकीत साठविलेले पावसाचे, केवळ लिंबू, घेवडा, भाजीची रोपे अशा क्षारांना हळव्या वनस्पतींसाठी राखून ठेवावे. बोर, खजूर, नारळ यांना मध्यम खारे पाणी चालते. डाळिंब व पालक यांनाही काही मर्यादेपर्यंत सोसते. दुसरे म्हणजे मेअखेर आळ्यातील खपलीसह वरची दोन-तीन सेंमी. माती खरवडून बागेबाहेर टाकावी आणि माती परीक्षणानुसार जिप्सम मिसळावे. पूर्णा खोऱ्यातील शेतीसाठी हेक्टरी २·५ टन जिप्समाची शिफारस केली जाते, ती चौ. मी.ला पाव किलोग्रॅम पडते. जिप्समातील कॅल्शियम मातीच्या कणांवरील सोडियमाची जागा घेते व पावसाचे पाणी सोडियमास खाली वाहून नेते. हे पाणी निघून जाण्यास चर नसेल, तर जिप्सम व्यर्थ जाते.

घाटावरील गोड्या पाण्याच्या गावांतही या रसायनाची एक आवृत्ती न्हाणीपाशी पाहावयास मिळते. धुण्याच्या भुकटीत सोडियमाचे क्षार असतात. त्यामुळे कपड्यांचे पाणी फळझाडांना न देता कर्दळ, केळ व अळू यांच्याकडे वळवावे; तेही आलटून पालटून. अळू कोवळेपणी खावयाचा असेल, तर त्यास हे पाणी नकोच. भांडी राखेने घासलेली असल्यास ते पाणी बहुतेक झाडांना चालते.

सावली व आच्छादन : जिल्हा सु. २०°–२१° उ. अक्षांशांवर असल्याने मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो व त्यानंतर काही आठवडे तो किंचित उत्तरेकडे कललेला असतो. हिवाळ्यात सावलीत असणारी घराची उत्तरेकडील बाजू या काळात उन्हात येते. तेथे ‘सावलीत’ म्हणून ठेवलेल्या कुंड्या भाजतात. कुंड्या पूर्वेच्या भिंतीलगत हलवाव्यात. कोवळ्या रोपांना वरून व पश्चिमेकडून तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा आडोसा करावा. तो दाट असू नये. झिरझिरीत ऊन आत आले पाहिजे. गव्हाचे काड, कुटार, वाळलेला पाला यांचे सात-आठ सेंमी. जाडीचे आच्छादन आळ्यात घातल्याने ओल टिकते. वाळवीचा (उधईचा) उपद्रव असल्यास आच्छादन खोडाला टेकवू नये. खोल काळ्या जमिनीत आच्छादनापूर्वी भेगा बुजवून घेणे अगत्याचे असते; भेगांमुळे मुळे तुटतात व खालची ओलही उडून जाते.

जमिनीची कामे : मोकळे वाफे एप्रिल-मेमध्ये २०–२५ सेंमी. खोल खणून ढेकळे न फोडता उन्हात पडू देतात. वर आलेले किड्यांचे कोश उन्हाने व पक्ष्यांमुळे नष्ट होतात आणि हरळी, कुंदा व लव्हाळा यांच्या मुळ्या व गाठी सुकतात. गाठी वेचून जाळाव्यात. उकिरड्यावर टाकल्यास त्या खताबरोबर परत येतात. रोपवाटिकेच्या वाफ्यासाठी १९७६ मध्ये इझ्राएलमधील संशोधक कातान व त्यांचे सहकारी यांनी पुढे आणलेली पद्धत वऱ्हाडच्या उन्हाळ्यास विशेष अनुरूप आहे. वाफा एकदा भिजवून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद कडा पुरून ताणून बसवितात व चार ते सहा आठवडे ठेवतात. आतील उष्णतेने मर व मूळकूज करणाऱ्या अनेक कवकांचा आणि तणांच्या बियांचा नाश होतो. काळा कागद या कामी तितका उपयोगी नाही.

नव्या झाडांसाठी ६० सेंमी. लांब, रुंद व खोल खड्डे मेच्या पहिल्या पंधरवड्यात घेऊन दोन-तीन आठवडे उघडे ठेवतात. मृगापूर्वी ते पोयटा माती व कुजलेले शेणखत यांनी जमिनीपेक्षा थोडे वर येतील असे भरतात; पावसात माती दबून खळगा पडत नाही. लिंबूवर्गीय झाडांच्या खोडांना पावसापूर्वी जमिनीपासून सु. १ मी. उंचीपर्यंत बोर्डो मलम (१ किग्रॅ. मोरचूद, १ किग्रॅ. चुना व १० लि. पाणी) लावल्यास डिंक्या रोगास आळा बसतो.

पेरणी व रोपे : दोडका, कारले, दुधी, घोसाळे यांच्या बिया अक्षय्य तृतीयेच्या सुमारास न्हाणीच्या पाण्याजवळ आळी करून लावण्याची रीत आहे. तिला शास्त्रीय आधार आहे. वेल मे महिन्यात थोड्या पाण्यावर मूळ धरतात व मृगापर्यंत मांडवाशी पोहोचून आषाढ-श्रावणात फळे देतात. याच सणाला जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे घट मांडून पावसाचे व पिकांचे भाकीत करतात. ही प्रथा लोकप्रिय असली, तरी तिच्यावर बागेतील पाण्याचे नियोजन अवलंबून ठेवता येत नाही. मिरची व वांगी यांची रोपे मेअखेर सावलीत टाकतात. हळद व आले मेअखेर ते जूनच्या पूर्वार्धात लावतात. चवळी, भेंडी, दुधी यांच्या वाळलेल्या शेंगा व फळांतील बी याच दिवसांत काढून, सावलीत सुकवून, राखेत घोळून गाडग्यात ठेवतात.

मृग नक्षत्र ७-८ जूनला लागते. पण या भागात मॉन्सून स्थिरावण्यास जूनचा मध्य उजाडतो व काही वर्षी महिनाअखेरही होते. वळवाच्या एखाद्या सरीने जमीन वरवर भिजते, लोक आच्छादन व आडोसे काढून टाकतात, साठविलेले पाणी संपवितात आणि पुढील कोरड्या पंधरवड्यात उन्हाळाभर जपलेली रोपे गमावतात. पाण्याचा साठा जूनअखेरपर्यंतचा धरून राखावा व जमीन १५ सेंमी. खोलीपर्यंत ओली झाल्याखेरीज आडोसे हलवू नयेत. याच पहिल्या सरींनंतर संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब, बाभूळ व बोर यांवर जमतात. फांद्या हलवून पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकून मारतात. हे काम एकट्या घराने करण्यापेक्षा शेजारच्या चार-पाच घरांनी मिळून सलग आठ-दहा दिवस केल्यास पुढील वर्षी हुमणीचा उपद्रव स्पष्टपणे कमी होतो.