सोनमाशाचे सोबती

शाळेच्या काचपेटीतील सोनमासा एकटा दिसला की मुले आरोग्य केंद्रातून गप्पी मासे आणून त्याच्या सोबतीस सोडतात. हेतू चांगला, परंतु सोनमासा तोंडात मावेल ते गिळतो, आणि गप्पीची पिले सहज मावतात. दुकानातून आणलेला पट्टेरी बार्ब उलट सोनमाशाचीच लांब शेपटी कुरतडतो. म्हणून सोनमाशास सोनमाशाचीच सोबत द्यावी. त्यातही गोल अंगाच्या, दुहेरी शेपटीच्या संथ माशाजवळ एकेरी शेपटीचा चपळ मासा ठेवू नये. संथ मासा उपाशी राहतो, व हे लवकर ध्यानात येत नाही. पेटी लहान असेल तर सोबती मुळीच वाढवू नयेत, कारण सोनमाशांच्या विष्ठेमुळे पाण्यात अमोनिया साचतो. गप्पी मासे झाकण नसलेल्या हौदात सोडावेत. डासांच्या अळ्या तेथे असतात.