दुपारची मोजणी

दुपार कलली की कंट्रोल टॉवरच्या गच्चीवर माणसं जमायची. खालच्या गवतावर मेकॅनिक सायकली आडव्या टाकून बसायचे. कुणी फारसं बोलत नसे. मग पूर्वेकडून घरघर ऐकू यायची, ढगांच्या कडेला ठिपके दिसायचे आणि सगळ्यांचे ओठ एकाच वेळी हलायला लागायचे. एक, दोन, तीन. सकाळी किती गेली ते प्रत्येकाला पाठ असे. एखाद्या विमानातून लाल फ्लेअर उडाला की आत जखमी माणूस आहे हे कळे. त्याला आधी उतरू द्यायचं आणि रुग्णवाहिकेने त्याच्यामागे धावपट्टीवरून पळायचं, असा नियम. मोजणी संपली तरी काही जण उठत नसत. न आलेल्या विमानात पेट्रोल अजून किती उरलं असेल, याचा हिशोब मनात चालू असे. तोही संपला की ते सायकल उचलत.

ही जागा म्हणजे इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातलं थॉर्प ॲबट्स. जवळचं बाजारगाव डिस. चहूकडे बार्लीची आणि बिटाची शेतं, अरुंद रस्ते, काटेरी कुंपणं. या शेतजमिनीवर ब्रिटिशांनी तीन धावपट्ट्यांचा तळ बांधला आणि १९४३च्या जूनमध्ये तो अमेरिकेच्या आठव्या हवाई दलातल्या शंभराव्या बॉम्ब ग्रुपच्या हवाली झाला. शेतकरी धावपट्टीच्या कडेपर्यंत नांगरत राहिले. विमानांच्या शेपटीवर पांढऱ्या चौकोनात काळा ‘डी’. ३४९, ३५०, ३५१ आणि ४१८ क्रमांकाच्या चार स्क्वॉड्रन. तळावर सगळे मिळून तीनेक हजार लोक, आणि त्यातले उडणारे थोडेच. बाकीचे स्वयंपाकी, कारकून, हवामानवाले, बॉम्ब चढवणारे आणि मेकॅनिक. मोजणारे ते हेच.

पुढे या ग्रुपला ‘ब्लडी हंड्रेड्थ’ हे नाव चिकटलं, रक्तबंबाळ शंभरावा. (इंग्लंडात ‘ब्लडी’ ही शिवीही आहे, हे आसपासच्या गावकऱ्यांना वेगळं सांगायला नको होतं.) २००६ साली डोनाल्ड मिलर यांचं पुस्तक आलं, २०२४मध्ये त्यावरून ‘मास्टर्स ऑफ द एअर’ ही मालिका निघाली आणि ते नाव जगभर गेलं. पण आकडे नीट मांडून पाहिले तर हे नाव थोडं फसवं वाटतं. शंभराव्याने ३०६ मोहिमा केल्या आणि त्यांत १७७ विमानं परतली नाहीत. आकडा भयंकर आहे, पण सर्वांत मोठा नाही. ९१व्या ग्रुपची १९७ गेली, तरी त्याला असं नाव कुणी दिलं नाही. फरक कशात होता? शंभराव्याचं नुकसान रोज थोडंथोडं होत नसे. ते एकदम व्हायचं.

आधी हे यंत्र काय होतं ते पाहू. बोइंगचं बी-१७, टोपणनाव ‘फ्लाइंग फोर्ट्रेस’, उडता किल्ला. चार इंजिनं, प्रत्येकी १,२०० अश्वशक्तीचं. पंखांची रुंदी जवळपास १०४ फूट. आत दहा माणसं: वैमानिक, सहवैमानिक, नॅव्हिगेटर, बॉम्ब सोडणारा बॉम्बार्डियर, इंजिनिअर, रेडिओवाला आणि बाकीचे गनर. ‘किल्ला’ ऐकून जाड भिंती डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, स्क्रू ड्रायव्हर जोरात मारला तर आरपार जाईल असा. हवेचा दाब राखायची सोय नाही. विमानाच्या कमरेजवळच्या गनरच्या खिडक्या उघड्या. २५,००० फुटांवर बाहेर जी थंडी तीच आत, शून्याखाली चाळीस अंश. विजेच्या तारा विणलेला सूट घालायचा, आणि तार तुटली तर पाय गोठायचा. हातमोजा काढून बंदुकीला हात लावला तर कातडी लोखंडाला चिकटून यायची. श्वासातली वाफ ऑक्सिजनच्या मास्कमध्ये गोठे, म्हणून दर थोड्या वेळाने नळी दाबून बर्फ मोडावा लागे. शेजारच्याचं लक्ष नसलं आणि नळी तुंबली, तर माणूस उभ्या उभ्या बेशुद्ध होई आणि काही मिनिटांत संपे. असे मेलेले लोक गोळी न लागताच मेले.

विमानाच्या पोटाखाली एक काचेचा गोळा असे. त्यात गनर गुडघे छातीशी घेऊन सहा-सहा, आठ-आठ तास वळकटी होऊन बसे. बहुतेकदा ठेंगण्या पोराची त्या जागी नेमणूक होई.

अमेरिकनांचा हट्ट दिवसाउजेडी बॉम्ब टाकण्याचा होता. ब्रिटिश रात्री जात. दिवसा नेम लागतो, हा अमेरिकन युक्तिवाद. पण दिवसा शत्रूलाही दिसतं. त्यावर उपाय म्हणून ‘कॉम्बॅट बॉक्स’ ही रचना निघाली, तिला आकार दिला कर्टिस लमे यांनी. विमानं एकमेकांना खेटून, वर-खाली-मागे अशी बसवायची, म्हणजे प्रत्येकाच्या बंदुका दुसऱ्याची पाठ राखतील. वारीत दिंडीचा क्रम ठरलेला असतो तसा इथेही प्रत्येकाचा क्रम ठरलेला. फक्त इथे क्रमावर जगणं-मरणं होतं. सर्वांत खालच्या आणि सर्वांत मागच्या कोपऱ्याला विमानवाले ‘पर्पल हार्ट कॉर्नर’ म्हणत. पर्पल हार्ट म्हणजे जखमींना मिळणारं पदक. लक्ष्याजवळ आल्यावर तर विमान सरळ रेषेतच न्यायचं, डावी-उजवी काही नाही. पुढच्या विमानातल्या बॉम्बार्डियरने बॉम्ब सोडला की मागच्यांनी सोडायचा. खालून ८८ मिलिमीटरच्या तोफा उडत असत आणि ती काही मिनिटं कुणाच्याच हातात काही नसे.

शंभराव्याची सुरुवातच अडखळत झाली. अमेरिकेत सराव चालू असताना नेब्रास्काहून कॅलिफोर्नियाला जायची एक लांब फेरी होती. बरीच विमानं भलतीकडे उतरली. एक तर पश्चिमेला निघून पूर्वेला टेनेसीत पोचलं, असं ग्रुपमध्येच सांगत. कमांडर बदलला. इंग्लंडला पोचल्यावर २५ जून १९४३ला ब्रेमेनची पहिली मोहीम झाली, आणि पहिल्याच दिवशी तीन विमानं गेली.

मग १७ ऑगस्ट. लक्ष्य रेगेन्सबुर्ग, जिथे मेसरश्मिट लढाऊ विमानं बनत. योजना अशी की एक ताफा रेगेन्सबुर्गला जाईल आणि परत न येता आल्प्स ओलांडून उत्तर आफ्रिकेत उतरेल, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा ताफा श्वाइनफुर्टच्या बॉल-बेअरिंगच्या कारखान्यांवर जाईल. जर्मनांची विमानं दोघांत विभागली जातील, हा डाव. सकाळी इंग्लंडवर धुकं होतं. लमे यांचे वैमानिक आंधळ्या हवेत उड्डाण करायला शिकलेले होते, म्हणून ते निघाले. दुसरा ताफा काही तास जमिनीवरच राहिला. डाव तिथेच मोडला. जर्मनांनी पहिल्या ताफ्याला झोडपलं, उतरून पेट्रोल भरलं आणि दुसऱ्याला झोडपलं. दिवसअखेर एकूण ६० बॉम्बर गेले. शंभरावा त्या दिवशी रांगेत सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत खाली होता. त्याच्या २१पैकी ९ विमानं पडली. बेर्न ले नावाचा एक लेखक-अधिकारी निरीक्षक म्हणून एका विमानात सहवैमानिकाच्या जागी बसला होता. त्याने लिहिलेला अहवाल अजून वाचला जातो, कारण त्याने शौर्याच्या शब्दांवर वेळ घालवला नाही, समोरून काय उडत आलं ते लिहिलं: दारं, सुटलेल्या छत्र्या, माणसं.

ऑक्टोबर त्याहून वाईट निघाला. ८ तारखेला ब्रेमेनवर सात विमानं गेली, त्यांत मेजर गेल क्लेव्हन. त्याचा जिवलग दोस्त मेजर जॉन इगन रजेवर लंडनला होता. बातमी कळताच तो रजा टाकून तळावर आला आणि १० तारखेच्या म्युन्स्टरच्या मोहिमेत स्वतःहून उभा राहिला. त्या दिवशी रविवार होता. लक्ष्य कारखाना नव्हता. शहराचा मध्यभाग, रेल्वे कामगारांची वस्ती हेच लक्ष्य. ब्रीफिंगच्या खोलीत काहींना ते खटकलं, काहींना मित्रांचा सूड हवा होता, आणि गेले सगळेच. नंतरच्या पिढ्यांनी या खोलीकडे पाहताना फार लवकर निकाल देऊ नये, असं मला वाटतं. पण ती खोली विसरूही नये.

म्युन्स्टरच्या आकाशात पोचलेल्या शंभराव्याच्या १३ विमानांपैकी १२ पडली. इगनही पडला. थॉर्प ॲबट्सच्या टॉवरवर त्या दिवशी मोजणी एकावरच थांबली. ‘रॉयल फ्लश’ हे ते विमान, दोन इंजिनं बंद, चालवणारा रॉबर्ट रोझेन्थाल. हा ब्रुकलिनचा ज्यू वकील, नुकताच दाखल झालेला, आणि ही त्याची जेमतेम तिसरी मोहीम. तीन दिवसांत १९ विमानं गेली, म्हणजे सुमारे १९० माणसं. निसेन झोपड्यांत, म्हणजे अर्धगोल पत्र्याच्या त्या बराकींत, अंथरुणं तशीच पडली होती. मेलेल्याचं सामान आवरायचं एक ठरलेलं काम असे. घरी पाठवण्याआधी ते चाळायचं आणि घरच्यांना दुखेल असं काही असलं तर काढून टाकायचं. संध्याकाळी त्याच खाटांवर नवी पोरं. ‘ब्लडी’ हे नाव इथे जन्मलं. एखाद्या ग्रुपमधून रोज एक विमान गेलं तर ती झीज असते. एका दुपारी जेवणघर रिकामं झालं तर त्याची दंतकथा होते.

आणि दंतकथा झालीच. शेजारच्या तळांवर सांगितलं जाई की शंभराव्याच्या एका जखमी विमानाने शरण आल्याची खूण म्हणून चाकं खाली सोडली. जर्मन विमानं त्याला उतरवायला जवळ आली, आणि याच्या गनरनी त्यांना पाडलं. तेव्हापासून चौकोनातला ‘डी’ दिसला की जर्मन वैमानिक डूख धरून येतात. गोष्ट इतकी पक्की बसली की नव्याने नेमणूक झालेल्यांच्या पोटात थॉर्प ॲबट्सचं नाव ऐकूनच गोळा येई. याला पुरावा कुणी पुढे आणलेला नाही. मला ती पटतही नाही. काही सेकंदांत समोरून येऊन जाणारा वैमानिक अक्षरं वाचत बसत नाही. तो विस्कटलेली रांग शोधतो. शंभराव्याची रांग सुरुवातीला बऱ्याचदा विस्कटलेली असे, आणि क्रमही वाईट वाट्याला येई. पण ‘आपण ढिले उडतो’ यापेक्षा ‘आपल्यावर त्यांचा डूख आहे’ हे सांगायला सोपं जातं.

पुढची गोष्ट मी भराभर सांगतो, कारण तिच्यात नवं कमी आणि पुन्हापुन्हा तेच जास्त. १९४४च्या सुरुवातीला लांब पल्ल्याची मस्टँग लढाऊ विमानं सोबतीला आली आणि पारडं फिरलं. ४ मार्चला ९५व्या ग्रुपबरोबर शंभराव्याची विमानं बर्लिनवर पोचली, दिवसाउजेडी बर्लिन गाठणारे अमेरिकन बॉम्बर म्हणून हे पहिले. दोनच दिवसांनी, ६ मार्चला, त्याच बर्लिनवर १५ गेली. ३१ डिसेंबरला हॅम्बुर्गवर १२. आता बेरीज करा: रेगेन्सबुर्ग ९, ब्रेमेन ७, म्युन्स्टर १२, बर्लिन १५, हॅम्बुर्ग १२. पाच दिवसांत ५५, म्हणजे ३०६ मोहिमांतल्या एकूण नुकसानीचा जवळपास तिसरा हिस्सा.

त्या हॅम्बुर्गच्या दिवसातलं एक दृश्य मात्र सोडवत नाही. परतताना उत्तर समुद्रावर ग्लेन रोजॉनचं विमान रांगेतली रिकामी जागा भरायला सरकलं, आणि खालून वर येणारं दुसरं विमान त्याच्या पोटात रुतलं. दोन्ही अडकली, एकावर एक, आणि तशीच उडत राहिली. खालच्याची तीन इंजिनं चालू होती. रोजॉनने आपली बंद केली आणि आपल्या माणसांना उड्या मारायला सांगितलं. तो आणि त्याचा सहवैमानिक समोरच्या फळीवर पाय रोवून दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढत राहिले. पोटाखालच्या गोळ्यातला गनर अडकून पडला होता, त्याला काढता येईना. जोडी विल्हेल्म्सहाफेनजवळ जमिनीला आपटली, खालचं विमान स्फोटात गेलं आणि वरचं घसरत पुढे गेलं. दोघे वैमानिक चालत बाहेर आले. सहवैमानिकाने सवयीने सिगारेट तोंडात धरली, तर पहाऱ्यावरचा जर्मन शिपाई घाबरून पंखाकडे बोट दाखवू लागला. तिथून पेट्रोल गळत होतं.

इगन आणि क्लेव्हन श्टालाग लुफ्ट ३ या कैदी छावणीत पुन्हा भेटले. दोघेही जगले. रोझेन्थालच्या पंचवीस मोहिमा पूर्ण झाल्या तेव्हा तो घरी जाऊ शकत होता. तो राहिला, ५२ मोहिमा उडाला, दोनदा पडला, दोनदा परतला आणि युद्धानंतर न्यूरेंबर्गच्या खटल्यांच्या कामाला गेला. असा माणूस कादंबरीत घातला तर संपादक म्हणेल, जरा कमी करा.

पण मला पुन्हा सायकलवाल्यांकडे यायचंय. मेकॅनिकांचं बहुतेक काम रात्री आणि उघड्यावर, विमानाच्या उभं राहायच्या जागी. हँगर फक्त मोठ्या दुरुस्तीसाठी. तिथेच खोक्यांच्या फळ्या ठोकून त्यांनी खोपटी उभारली होती. विमान आपलं आहे आणि वैमानिकाला ते दिवसापुरतं उसनं दिलंय, असा त्यांचा थाट असे. सकाळी उडणाऱ्यांना खरी अंडी मिळत, यांना पावडरची. उसनं दिलेलं परत आलं नाही तर दुसऱ्या दिवशी नवं विमान येई आणि नवी पोरं. काही मेकॅनिक नव्यांची नावं विचारायचंच टाळू लागले.

२० एप्रिल १९४५ला ग्रुपची शेवटची बॉम्बमोहीम झाली. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा विमानं निघाली, या वेळी बॉम्बच्या जागी अन्न भरून. हॉलंडमध्ये लोक उपासमारीने मरत होते आणि त्या भागातल्या जर्मनांनी ठरलेल्या वाटेवर गोळी न झाडण्याचं कबूल केलं होतं. चारशे फुटांवरून पोती आणि खोकी सोडायची. खाली लोक छपरांवर चढून चादरी हलवत होते. कुणी ट्युलिपच्या फुलांनी शेतात इंग्रजीत आभार मांडले होते. विमानात जागा होती आणि धोका उरला नव्हता, म्हणून जमिनीवरच्यांना सोबत न्यायला परवानगी मिळाली. दोन वर्षं खाली उभे राहून मोजणारे आकाशातून समुद्र पाहायला गेले.

७ मेला, युरोपातली शांतता जाहीर होण्याच्या आदल्या दिवशी, काही मैलांवरच्या हॉरहॅम तळाचं ९५व्या ग्रुपचं एक विमान अन्न टाकून परतताना समुद्रात कोसळलं. वैमानिकांबरोबर त्यात जमिनीवरची माणसंही होती. दोघेच वाचले. हॉरहॅमच्या मोजणीत त्या दुपारी एक कमी भरलं.