उधारीचा डोळा

कर्ज हा अर्थशास्त्राचा विषय आणि पाळत हा पोलीस खात्याचा, अशी आपल्याकडे सोयीची वाटणी आहे. ज्यांच्या पूर्वजांनी सावकार आणि हजेरी दोन्ही एकाच जन्मात भोगली, त्यांनी ही वाटणी मान्य करण्याचे कारण नाही. गेल्या पंधरा-वीस वर्षांत अनेक गरीब व मध्यम देशांनी आपल्या शहरांच्या चौकाचौकांत कॅमेरे बसवले. त्यांपैकी कित्येकांनी त्यासाठी परदेशातून कर्ज काढले. 'सुरक्षित शहर' हे या योजनांचे गोंडस नाव. हा व्यवहार कसा चालतो आणि त्याचा आपल्याशी काय संबंध, एवढेच मला येथे मांडावयाचे आहे.

हे कर्ज बहुधा बांधीव असते. आमच्या खानदेशात याचा अर्थ कोणालाही समजेल. सावकार कपाशीसाठी पैसे देतो, पण बियाणे आणि खत त्याच्याच दुकानातून घ्यावे लागते. पैसा शेतकऱ्याच्या हाती पडतच नाही. तो एका वहीतून दुसऱ्या वहीत जातो. निर्यात वाढवण्यासाठी उभ्या केलेल्या सरकारी बँकाही असेच करतात. कर्ज देणाऱ्या देशाची बँक, काम त्याच देशाच्या कंपनीला, माल त्याच देशाचा. बँक रक्कम थेट कंपनीला चुकती करते. कर्जदार देशाकडे कॅमेरे येतात आणि हप्ते येतात. ठेकेदार आधीच ठरलेला असल्यामुळे निविदा ही एक तर होत नाही किंवा नावापुरती होते.

कर्ज काढणे हेच मुळात वाईट, असे मी म्हणत नाही. मी दीपनगरात राहतो. भुसावळजवळची ही औष्णिक वीजकेंद्राची वसाहत. असे केंद्र कर्जाशिवाय उभे राहत नाही. पण संच वीज निर्माण करतो, वीज विकली जाते, आणि कर्जाचे व्याज व यंत्राची झीज वीजदरातून वसूल होते. चौकातला कॅमेरा असे काही निर्माण करीत नाही. तो उलट वीज खातो, साठवणुकीची यंत्रे मागतो, दरसाल दुरुस्ती मागतो आणि काही वर्षांत जुना होतो. त्याचे हप्ते करातूनच फेडावे लागतात. आणि अप्रत्यक्ष कर काडेपेटी घेणारी बाईही भरते.

त्यात परकीय चलनाचा फास वेगळा. २०१० च्या सुमारास एक डॉलर पंचेचाळीस रुपयांच्या आसपास होता. २०२५ मध्ये तो पंच्याऐंशीच्या घरात गेला. त्या वेळी घेतलेले एक कोटी डॉलर म्हणजे पंचेचाळीस कोटी रुपये. मुद्दल तेवढेच धरले तरी २०२५ च्या त्या भावाने फेडायला पंच्याऐंशी कोटी लागले असते. चलन घसरले की भाव आधी चढतात, मजुरी मागून रखडत येते, आणि नुकसान मजुरीवर जगणाऱ्याचे होते, हे बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील आपल्या ग्रंथात दाखवून दिले होते. परकीय कर्जाच्या प्रत्येक करारावर ते ताडून पाहिले पाहिजे.

आता उदाहरणे. पाकिस्तानने इस्लामाबादसाठी चीनच्या एक्झिम बँकेकडून सुमारे साडेबारा कोटी डॉलरचे कर्ज ठरवले आणि काम स्पर्धेशिवाय हुआवे या चिनी कंपनीला दिले. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली तो करार रद्द ठरवला. पुन्हा वाटाघाटी झाल्या आणि २०१६ साली यंत्रणा सुरू झाली. दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोरने २०११ पासून चिनी कंपन्यांकडून देशभर चार हजारांहून अधिक कॅमेरे बसवले. त्या काळात हा देश चीनकडून कर्जावर कर्ज घेत होता आणि त्याबदली आपले खनिज तेल देत होता. २०१९ साली न्यूयॉर्क टाइम्सने उघड केले, की हे चित्रण पोलिसांबरोबरच देशांतर्गत गुप्तचर खात्यालाही मिळत होते. चोर पकडण्यासाठी घेतलेला डोळा विरोधकांच्या दाराकडेही वळू शकतो, हे त्यावरून दिसते.

आपल्याला अधिक जवळचे उदाहरण मॉरिशसचे. या बेटावर मराठी भाषिकांची जुनी वस्ती आहे. गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुटी असते. तेथील सुरक्षित शहर योजनेत सुमारे चार हजार कॅमेरे आहेत. यंत्रणा हुआवेची, कर्ज चीनच्या एक्झिम बँकेचे. पण कर्ज घेतले ते सरकारचा मोठा हिस्सा असलेल्या मॉरिशस टेलिकॉमने, आणि सरकार त्या कंपनीला वीस वर्षे भाडे भरणार. यामुळे कर्ज सरळ सरकारच्या नावावर दिसत नाही. भाडे मात्र जनताच भरते. संसदेत तपशील विचारला गेला तेव्हा करारातील गुप्ततेच्या कलमाकडे बोट दाखवण्यात आले. ज्याच्यावर नजर ठेवायची त्याने सगळे उघड ठेवावे आणि नजर ठेवणाऱ्याचा करार मात्र झाकलेला राहावा, असा हा न्याय.

या बेटाला हे नवे नाही. उसाच्या मळ्यांसाठी मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून गिरमिटिये तेथे नेले गेले. कोकणातून गेलेलेही त्यांत होते. १८६७ च्या कायद्याने, करार संपलेल्या मजुरालाही स्वतःची तसबीर लावलेले तिकीट आणि पोलिसांचा परवाना जवळ बाळगावा लागे. तो नसला की भटक्या म्हणून अटक. तसबिरीचे पैसेही त्याच्याच खिशातून जात. १८७१ साली प्लेवित्झ नावाच्या मळेवाल्याच्या पुढाकाराने नऊ हजारांवर मजुरांनी याविरुद्ध अर्ज केला आणि पुढच्या वर्षी राणीच्या सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. पाळतीखालच्या माणसानेच पाळतीचा खर्च सोसायचा, ही पद्धत इतकी जुनी आहे.

त्याच १८७१ साली हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. १९११ च्या नव्या कायद्यानंतर तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. बोटांचे ठसे, हजेरी, गाव सोडायला परवाना, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातली वसाहत. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. संशय गेला नाही. आणि गावगाड्यात वेशीवर रात्र काढणारा वेसकर कोण होता? महार. सगळ्या गावावर त्याने नजर ठेवायची, चोराचा माग काढायचा आणि मोबदल्यात भाकर मागायची. गावात चोरी झाली तर पहिला जाब त्यालाच. हे वतन मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले; कायद्याने ते मोडायला १९५८ उजाडले. पहारा करणारा आणि संशयित या दोन्ही भूमिका आपल्यालाच देणारी व्यवस्था आपण पाहिलेली आहे. म्हणून नव्या पहाऱ्याविषयी आपण दोन प्रश्न जास्त विचारले पाहिजेत.

महाराष्ट्रात अजून अशा कर्जाचा फास नाही. मुंबईचे कॅमेरे २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर ठरले, २०१५ साली ९४९ कोटींचे काम लार्सन अँड टुब्रोला मिळाले आणि २०१६ साली ते सुरू झाले. पैसा राज्याचा. घटनेच्या कलम २९३ नुसार राज्याला भारताबाहेर कर्ज काढता येत नाही. ते केंद्र काढते. केंद्राच्या कर्जालाही संसदेने कायद्याने मर्यादा घालावी अशी तरतूद कलम २९२ मध्ये आहे, आणि संसद तो अधिकार वापरील अशी आशा बाबासाहेबांनी १९४९ साली घटना समितीत व्यक्त केली होती. पण पैसा देशी असला म्हणजे नजर समतेची होते असे नाही. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर त्यांचा ठावठिकाणा सांगणारी घड्याळे बांधली. कामाच्या वेळी माणूस कोठे आहे हे पाहण्याची गरज झाडूवाल्यापुरतीच का वाटली? ज्या टेबलावर त्याच्या पगाराची फाईल अडते त्या टेबलावर ते घड्याळ का नाही?

कॅमेरा असला की अत्याचार थांबेल, असे आपलीही काही माणसे म्हणतात. त्यांनी खर्डा आठवावा. २०१४ च्या एप्रिलमध्ये नगर जिल्ह्यातील त्या गावात सतरा वर्षांच्या दलित मुलाचा दिवसाढवळ्या खून झाला. साक्षीदार फिरले आणि २०१७ साली आरोपी सुटले. तेथे डोळे कमी नव्हते. साक्ष देण्याची हिंमत आणि ती देणाऱ्याला संरक्षण, या दोन गोष्टी नव्हत्या. त्या कोणत्याही बँकेच्या कर्जाने येत नाहीत.

कॅमेऱ्याची खरी जागा कोठे, हे सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० च्या परमवीरसिंग सैनी निकालात सांगितले आहे. प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीत, येण्याजाण्याच्या वाटेवर कॅमेरा हवा आणि चित्रण जपून ठेवायला हवे. कोठडीत मार खाल्लेल्या माणसाला ते मागण्याचा मार्गही या निकालाने मोकळा केला. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाल्यावर धरपकड झाली आणि अटकेतला एक तरुण कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत मरण पावला. चौकातल्या हजार कॅमेऱ्यांपेक्षा ठाण्यातला एक चालू कॅमेरा आपल्या वस्तीला अधिक मोलाचा आहे.

म्हणून आपल्या कार्यकर्त्यांनी, नगरसेवकांनी, वकिलांनी शहरात कॅमेऱ्यांची योजना आली की आधी तिचे कागद मागावेत. पैसा कोणाचा, व्याज किती, फेड कोणत्या चलनात, दुरुस्तीचा वार्षिक खर्च कोणत्या खात्यातून? समाजकल्याणाची तरतूद तर वळवली जात नाही ना? चित्रण किती दिवस राहणार, कोण पाहणार, आणि आरोपीला ते मिळणार का? आपल्या वस्तीच्या तोंडाशी किती खांब आणि ठाण्याच्या कोठडीत किती? माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. गुप्ततेचे कलम पुढे केले जाईल. तेव्हा मॉरिशसच्या त्या नऊ हजार अर्जदारांची आठवण ठेवावी. त्यांतल्या बहुतेकांना सही करता येत नसणार. तरी त्यांनी अर्ज केला.